हिरो मरणार नाही, तरी छाती का धडधडते?

"मरतो का बे तो? तिसरा पार्ट यायचाय अजून!"

हेरपटाच्या दुसऱ्या भागाला सोलापुरात बसलात, तर मागच्या रांगेतून हे वाक्य हमखास ऐकू येतं. पडद्यावर आपला गुप्तहेर उंच इमारतीच्या काठाला एका हाताने लटकलेला असतो. खाली शत्रूची माणसं, वर रोखलेली बंदूक. बोलणाऱ्याचा हिशेब बिनचूक आहे. ज्या पात्राच्या नावावर एवढा गल्ला जमतो, त्याला निर्माता मधेच मारत नसतो. हे तिकीट काढतानाच सगळ्यांना ठाऊक असतं. पण त्या क्षणी बोलणाऱ्याच्याही मुठी आवळलेल्या असतात आणि श्वास अडकलेला असतो. शेवट माहीत आहे, तरी भीती खरी आहे. हे कसं काय?

सीक्वेल का चालतात याची चर्चा बहुतेक वेळा स्टार, बजेट आणि प्रसिद्धीवर थांबते. मला त्यापेक्षा हे कोडं फार मोलाचं वाटतं, कारण ते सुटलं की दुसऱ्या भागाची ओढ कुठून येते तेही कळतं. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड गेरिग यांनी 1989 मध्ये यावर एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी अमेरिकन वाचकांना इतिहासातले छोटे प्रसंग वाचायला दिले. एका प्रसंगात जॉर्ज वॉशिंग्टन पहिले राष्ट्राध्यक्ष होतील की नाही, अशी शंका निर्माण केली होती. मग विचारलं, वॉशिंग्टन पहिले राष्ट्राध्यक्ष झाले, हे खरं की खोटं? शाळकरी पोरालाही येणारं उत्तर, पण उत्कंठेचा मजकूर वाचलेल्यांना ते द्यायला जास्त वेळ लागला. माहिती डोक्यात शाबूत होती. गोष्टीत शिरलेलं मन मात्र ती चटकन हाताशी घेत नव्हतं.

शरीराचं तर याहून सोपं आहे. शरीर पोस्टर वाचत नाही. थिएटरात अचानक स्फोट होतो तेव्हा काय घडतं ते पाहा. कानातला संदेश मेंदूच्या तळाशी असलेल्या मेंदूस्तंभात जातो, तिथल्या चेतापेशींच्या एका छोट्या गटातून थेट मज्जारज्जूत उतरतो आणि स्नायू आकसतात. पापण्या मिटायला सेकंदाचा विसावा भागही पुरतो, खांदे आणि मान त्याच्या पाठोपाठ. हा सगळा प्रवास विचार करणाऱ्या बाह्य मेंदूला वगळूनच होतो. "हा सिनेमा आहे, हा माणूस पुढच्या भागातही आहे" हे ज्ञान त्या बाह्य मेंदूत असतं, आणि ते जागं होईपर्यंत तुम्ही दचकून मोकळे झालेले असता.

याच दचकण्यावर फ्लोरिडा विद्यापीठातले पीटर लँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुष्कळ काम केलं. त्यांना असं दिसलं की अप्रिय, भीतीदायक चित्र पाहत असताना मोठा आवाज झाला, तर माणूस नेहमीपेक्षा जोरात दचकतो. प्रसन्न चित्र पाहत असेल, तर दचकणं कमी होतं. कारण भीतीचं काम पाहणारा अमिग्डाला हा भाग मेंदूस्तंभातल्या त्या पेशींची संवेदनशीलता आधीच वाढवून ठेवतो. चांगला दिग्दर्शक हे प्रयोगशाळेत न जाता शिकलेला असतो. आधी अंधारा बोळ, मग पावलांचा आवाज, मग सगळं शांत, आणि मगच गोळी. थेट गोळीने सुरू झालेलं दृश्य कितीही मोठ्या आवाजात वाजवा, त्याला ती धार येत नाही.

उत्कंठेत नजरही आकुंचन पावते. जॉर्जिया टेक या संस्थेत मॅथ्यू बेझडेक आणि एरिक शूमाकर यांनी लोकांना स्कॅनरमध्ये झोपवून रहस्यपटांतले प्रसंग दाखवले. प्रसंगाच्या चौकटीभोवती बुद्धिबळाच्या पटासारखी लुकलुकणारी नक्षी ठेवली होती. धोका वाढला की मेंदूतल्या दृष्टीकेंद्रात कडेच्या नक्षीला मिळणारा प्रतिसाद घटायचा आणि मधल्या चित्राकडे लक्ष एकवटायचं. धोका ओसरला की नजर पुन्हा पसरायची. 2015 साली प्रसिद्ध झालेलं हे काम वाचल्यावर मला जुन्या टॉकीजांचा उलगडा झाला. मोडकी खुर्ची, भिंतीवरचा खडखडणारा पंखा, मे महिन्यातला सोलापुरी उकाडा, हे सगळं इंटरव्हलपर्यंत जाणवत का नाही? कडेचं जग मेंदूनेच मंद केलेलं असतं.

इथवरचं सगळं पहिल्या भागालाही लागू आहे. दुसऱ्या भागाचं स्वतःचं बळ दोन गोष्टींत आहे, असं मला वाटतं.

पहिली गोष्ट म्हणजे ओळखीची धून. पहिल्या भागात हिरोच्या एन्ट्रीला वाजलेलं संगीत दुसऱ्या भागात हळूच, दुरून, एका वाद्यावर सुरू होतं. पडद्यावर अजून फक्त बूट दिसतात, आणि शिट्ट्या सुरू होतात. चेहरा दिसण्याआधीच. माँट्रियलमध्ये व्हॅलरी सालिमपूर आणि रॉबर्ट झटोरे यांनी 2011 मध्ये दाखवलं की आवडत्या गाण्यातला अंगावर काटा आणणारा क्षण येण्याच्या काही सेकंद आधीच मेंदूत डोपामिन हे रसायन स्रवू लागतं. आणि ते वेगळ्या जागी स्रवतं: वाट पाहताना कॉडेट नावाच्या भागात, प्रत्यक्ष क्षण आला की न्यूक्लियस अकम्बन्समध्ये. म्हणजे आनंद दोनदा मिळतो, आणि त्यातला पहिला हप्ता फक्त ओळख असलेल्यालाच मिळू शकतो. नवीन सिनेमातल्या नव्या धुनेची वाट कोण पाहणार? पुढे काय येणार ते ठाऊकच नसतं. दुसऱ्या भागाला मात्र वाट पाहणारा प्रेक्षक आयता मिळतो.

दुसरी गोष्ट खास हेरकथेची आहे, आणि तिच्यावर जरा थांबायला हवं.

1983 मध्ये हाइन्झ विमर आणि योसेफ पेर्नर यांनी लहान मुलांना एक गोष्ट सांगितली. मुलगा चॉकलेट एका कपाटात ठेवून खेळायला जातो. तो नसताना आई ते दुसऱ्या कपाटात ठेवते. मुलगा परत आल्यावर चॉकलेट कुठे शोधेल? तीन वर्षांची पोरं बहुतेक वेळा दुसऱ्या कपाटाकडे बोट दाखवतात, कारण चॉकलेट खरोखर तिथे आहे. चार-पाच वर्षांची होता होता त्यांना कळू लागतं की दुसऱ्याच्या डोक्यातलं जग आपल्या डोक्यातल्या जगापेक्षा वेगळं असू शकतं. माणसाच्या बुद्धीतली ही मोठी झेप आहे. पुढे 2003 मध्ये रिबेका सॅक्स आणि नॅन्सी कॅनविशर यांनी कानाच्या मागे-वरच्या बाजूला असलेला एक भाग दाखवला, जो दुसऱ्याच्या मनातल्या समजुतींचा विचार करताना विशेष सक्रिय होतो.

हेरपट म्हणजे हीच परीक्षा, मोठ्यांसाठी आणि चढत्या पायऱ्यांची. हिरोला माहीत आहे की फाईल बनावट आहे. व्हिलनला वाटतं की हिरोला ते माहीत नाही. हिरोने ओळखलंय की व्हिलनला असं वाटतं. आणि हिरोचा विश्वासू साथीदार हे सगळं तिसऱ्याला कळवतोय, हे फक्त आपल्याला माहीत आहे. 1998 मध्ये पीटर किंडरमन, रॉबिन डनबार आणि रिचर्ड बेंटल यांनी अशा पायऱ्या असलेल्या गोष्टी मोठ्या माणसांना ऐकवून प्रश्न विचारले. चौथ्या पायरीपर्यंत बहुतेकांची उत्तरं ठीक आली, पाचव्या पायरीवर चुका एकदम वाढल्या. म्हणजे पटकथाकाराकडे पायऱ्या मोजक्याच. पहिल्या भागात त्यातल्या दोन-तीन नुसत्या ओळखी करून देण्यात जातात: हा कोण, कोणाच्या बाजूचा, कोणापासून काय लपवतोय. दुसऱ्या भागात प्रेक्षक त्या पायऱ्या चढूनच आत आलेला असतो. पहिल्या दृश्यापासून खेळ वरच्या मजल्यावर मांडता येतो.

म्हणून मला दुसऱ्या भागांमध्ये एकच गोष्ट मनापासून खटकते. पैसा जास्त मिळाला की गाड्या जास्त उडवल्या जातात आणि या पायऱ्या मात्र पहिल्या भागाहूनही कमी होतात. एकच उत्तेजना पुन्हा पुन्हा मिळाली की दचकणं कमी कमी होत जातं, हा चेतासंस्थेचा जुना गुणधर्म आहे. विसाव्या स्फोटाला प्रेक्षक मोबाईल काढतो. गद्दार कोण, या प्रश्नाला मोबाईल काढत नाही.

आता थिएटरकडे येऊ, कारण अशा सिनेमाचा अर्धा परिणाम गर्दीत आहे. जर्मनीतल्या माइन्झ शहरात माक्स प्लांक रसायनशास्त्र संस्थेचे जोनाथन विल्यम्स आणि सहकाऱ्यांनी एका मल्टिप्लेक्समधून बाहेर जाणारी हवा थेट एका संवेदनशील यंत्रात घेतली. 16 सिनेमे आणि सुमारे 9,500 प्रेक्षक. 2016 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हवेतल्या आयसोप्रीन या वायूचं प्रमाण उत्कंठेच्या प्रसंगांना वर जायचं. हा वायू स्नायू आवळले, हालचाल झाली की श्वासावाटे जास्त बाहेर पडतो. त्यांनी तपासलेल्या सिनेमांत एका गाजलेल्या साहसपटाचा दुसरा भागही होता. त्याचे चार वेगवेगळे खेळ मोजले, प्रेक्षक दर वेळी नवे, तरी वायूची शिखरं त्याच त्याच प्रसंगांवर उमटली. नुसत्या हवेवरून पडद्यावर काय चाललंय याचा अंदाज बांधता येत होता.

हृदयही सूर जुळवतं. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लोकांनी एकेकट्याने, वेगवेगळ्या वेळी एकच गोष्ट ऐकली, आणि त्यांच्या हृदयाच्या ठोक्यांचे चढउतार एकमेकांशी जुळले. गोष्टीतून लक्ष उडालं की जुळणी घटायची. त्याच्याही आधी, 2004 मध्ये, उरी हॅसन यांनी पाच जणांना एका जुन्या पाश्चात्त्य घोडेस्वारपटाचा अर्धा तास दाखवून त्यांच्या मेंदूंचं काम बऱ्याच भागांत एका लयीत चालतं, असं दाखवलं होतं.

सोलापूरकर म्हणून मला हॅसन यांच्याच गटाचा 2012 मधला प्रयोग सर्वांत जवळचा वाटतो. त्यात एकच गोष्ट काहींनी इंग्रजीत आणि काहींनी रशियनमध्ये ऐकली. आवाज हाताळणाऱ्या सुरुवातीच्या भागांत दोन्ही गटांचा प्रतिसाद वेगळा होता, कारण ध्वनीच वेगळे. पण अर्थ आणि कथा हाताळणाऱ्या वरच्या भागांत तो बराचसा सारखा निघाला. आपल्या शहरात हे रोजचं आहे. पूर्व भागातल्या पद्मशाली घरांत तेलुगू, अक्कलकोटकडून आलेल्यांच्या तोंडी कन्नड, कुणाची दखनी, कुणाची मराठी. एकच सिनेमा इथे हिंदीत पाहणारे आहेत आणि तेलुगूत पाहायचा म्हणून दुसऱ्या टॉकीजला जाणारेही आहेत. भागवत असो की गेंट्याल, टॉकीजच्या बाहेर चहाच्या गाड्यावर हे सगळे एका क्लायमॅक्सबद्दल चार भाषांत बोलतात आणि कुणाचंच कुणावाचून अडत नाही. त्याचं कारण या प्रयोगात आहे.

हिरो सुटतो तेव्हा जो जल्लोष होतो, त्याचा खुलासा डॉल्फ झिलमन यांनी 1971 च्या सुमारास मांडला. भीतीत मूत्रपिंडावरच्या ग्रंथींतून ॲड्रेनॅलिन रक्तात येतं, ठोके वाढतात. प्रसंग संपला तरी ही खळबळ लगेच ओसरत नाही, काही मिनिटं रेंगाळते. तेवढ्यात पडद्यावर सुटका झाली की शिल्लक खळबळ आनंदाच्या खात्यात जमा होते. जितकी भीती मोठी, तितका सुटकेचा आनंद मोठा. आणि हिरो जगणार याची आतून खात्री असल्यामुळेच आपण ती भीती एवढी मोठी होऊ देतो. खात्री नसती, तर कित्येकांनी डोळे मिटले असते.

मग स्टोरी आधी कळली तर बिघडतं काय? 2011 मध्ये कॅलिफोर्नियात जोनाथन लेव्हिट आणि निकोलस क्रिस्टनफेल्ड यांनी 12 लघुकथांवर प्रयोग केला. शेवट आधी सांगितलेल्या कथा वाचकांना थोड्या जास्तच आवडल्या. 2015 मध्ये बेंजामिन जॉन्सन आणि ज्युडिथ रोझेनबॉम यांना मात्र उलट दिसलं, फोडलेल्या कथा कमी रंजक वाटल्या. माझा तर्क असा की "शेवट" या एका नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी मोजल्या जातात. हिरो वाचतो, हे कळलं तर फारसं बिघडत नाही, कारण भीती शरीरात असते आणि शरीराला ते कळत नाही. गद्दार कोण, हे कळलं तर मात्र कोणाला काय माहीत आहे याच्या सगळ्या पायऱ्या एका झटक्यात कोसळतात.

हे तपासता येईल, आणि त्यासाठी आपल्यासारखं गाव शोधून सापडणार नाही. एकाच हेरपटाचा दुसरा भाग, एक खेळ हिंदीत, एक तेलुगूत. काहींना आधीच सांगायचं की हिरो जगतो, काहींना गद्दाराचं नाव सांगायचं, काहींना काहीच नाही. छताजवळच्या हवेत माइन्झसारखं यंत्र. भाषेने शिखरांच्या जागा हलणार नाहीत, हिरो जगतो हे सांगूनही फार हलणार नाहीत. गद्दाराचं नाव ऐकून आलेल्यांच्या खेळात मात्र, तो साथीदार पाठीमागून चहा घेऊन आत येतो त्या दृश्याला, आयसोप्रीन बराच आधी चढू लागेल, असं मला वाटतं.