पीक-अवशेषांचे कुजणे आणि इंदूर पद्धत

कापणीनंतर शेतात उरणारी धसकटे, मुळे, काड, पाला आणि पऱ्हाट्या (कापसाची वाळलेली झाडे) यांना पीक-अवशेष म्हणतात. ते कुजले की मातीतील सेंद्रिय कर्ब वाढतो, माती दाणेदार होते आणि माळव्याच्या, म्हणजे इंदूरच्या परिसरातील, भेगाळणाऱ्या काळ्या जमिनीतही पाणी नीट मुरते. मात्र हा लाभ कुजून झाल्यानंतरचा आहे. कुजण्याच्या काळात तेच अवशेष कोवळ्या रोपाला जाचक ठरू शकतात.

याचे मुख्य कारण नत्र. गव्हाच्या काडात एका भाग नत्रामागे सुमारे ८० भाग कर्ब असतो. ते कुजविणाऱ्या सूक्ष्मजीवांना हे प्रमाण २५ ते ३० च्या आसपास लागते, म्हणून कमी पडणारा नत्र ते मातीतून उचलतात आणि रोपे पिवळी पडतात. हा नत्र पुढे सूक्ष्मजीव मेल्यावर बराचसा परत मिळतो, पण तोवर रोपाच्या वाढीचे पहिले आठवडे निघून गेलेले असतात. शिवाय पाणी साचून मातीतील हवा कोंडली तर काडातून अ‍ॅसिटिक आम्ल तयार होते आणि ते बियाण्यालगत साठल्यास मूळ खुंटते.

इंदूरच्या आसपास हा पेच वेळापत्रकामुळे वाढतो. गहू मार्च-एप्रिलमध्ये निघतो, सोयाबीन पावसाच्या आरंभी पेरतात. मधल्या कोरड्या उन्हाळ्यात काड जवळजवळ तसेच राहते आणि नेमके बी उगवताना कुजू लागते. सोयाबीन हवेतील नत्र घेते हे खरे, परंतु मुळांवरील गाठी कामाला लागायला तीन-चार आठवडे जातात. नरवाई, म्हणजे गव्हाची धसकटे, जाळल्याने शेत लवकर मोकळे होते, पण त्यांतील कर्ब व नत्र बहुतांशी धुरात जातो.

या प्रश्नावरचे एक जुने उत्तर इंदुरातलेच आहे. होळकर दरबाराने दिलेल्या जमिनीवर १९२४ मध्ये उभ्या राहिलेल्या वनस्पती-उद्योग संस्थेत इंग्रज कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी कुजण्याचे काम शेताबाहेर नेले. जमिनीने एकाच वेळी कचराही कुजवावा आणि पीकही पोसावे, हे हॉवर्ड यांना मान्य नव्हते. काडीकचरा आधी गोठ्यात अंथरीत, मग शेण, मुत्राने भिजलेली माती व राख यांसह उथळ खड्ड्यांत रचून, ओलावा राखून तीनदा परतीत. सुमारे तीन महिन्यांत खत तयार होई. हीच इंदूर पद्धत. कठीण पऱ्हाट्यांसाठी मात्र वेगळी युक्ती होती: त्या रस्त्यावर पसरून ठेवीत आणि जाणाऱ्या-येणाऱ्या बैलगाड्यांच्या चाकांखाली त्यांचा चुरा होऊ देत.