झड (मराठवाडा)

झड म्हणजे दोन-तीन दिवस, कधी आठवडाभर एकसारखा लागून राहणारा बारीक पाऊस. मराठवाड्यात श्रावणात ‘झड लागली’ की गुरे गोठ्यात, सरपण ओले आणि शेतात वापसा (मशागत करता येईल इतपतच ओल) नाही. कामे खोळंबतात, पण विहिरींना पाणी येते ते मुख्यतः या पावसाने.

याचे कारण जमिनीत आहे. हा प्रदेश बहुतांशी बेसाल्टचा : वर काळी माती, खाली मुरूम, मग कातळ. कातळ पाणी फारसे धरत नाही. ते साठते मुरमात आणि भेगांत. काळी माती भिजून फुगली की पाणी खाली उतरायला वेळ घेते. म्हणून इथे पाऊस किती झाला यापेक्षा तो किती वेळात झाला, हे पाहावे लागते. झडीनंतर विहिरीत डोकावले तर कपारींतून झरे सुटलेले दिसतात आणि पाऊस उघडल्यावरही पाणी एकेक पायरी चढत असते. तेवढाच पाऊस एका रात्रीत कोसळला, तर बांध फुटतात, माती ओढ्याला जाते आणि विहिरीच्या वाट्याला थोडेच येते.

पाऊस किती वेळात पडतो, नेमका यावरच हवामानबदलाचा घाव बसतो. हवा १ अंश सेल्सिअसने तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते, म्हणून पाऊस आला की थोड्या वेळात जास्त कोसळतो. मध्य भारतात १९५० ते २०१५ या काळात विस्तृत भागावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना जवळपास तिप्पट झाल्या. मांजरा धरणाने दोन्ही टोके पाहिली आहेत. ते आटल्यामुळे एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या खेपेला १० वाघिणींत सुमारे ५ लाख लिटर. सप्टेंबर २०२१ मध्ये ‘गुलाब’ चक्रीवादळाच्या पावसाने त्याच धरणाचे दरवाजे उघडले आणि नदीकाठचे काढणीला आलेले सोयाबीन पाण्यात गेले.

सगळा दोष आभाळावर टाकणे मात्र खरे नाही. अवर्षणाच्या पट्ट्यात वाढवलेला ऊस आणि खोल-खोल गेलेल्या बोअर यांनी झडीची पुंजी आधीच उपसली होती.

झड कमी पडते तिथे पळते पाणी अडवून मुरवणे हाच पर्याय उरतो. जालना जिल्ह्यातील कडवंचीने माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणलोटाची कामे करून ते साधले. शेततळ्यांचे तसे नाही. प्लास्टिक अंथरलेल्या तळ्यातून पाणी मुरत नाही. ते बोअरने भरले, तर जमिनीखाली राखलेले पाणी चैत्र-वैशाखाच्या उन्हात उघड्यावर आटते.