पावसाळ्यात सातपुड्यात जायला वॉटरप्रूफ बूट कशाला?

श्रावणात पाल, यावल अभयारण्य नाहीतर तोरणमाळ ठरलं की आपली पोरं पहिलं काम काय करतात तर मोबाईलवर वॉटरप्रूफ हंटिंग शूज न् जॅकेट शोधतात. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्यानं शिकारीला बंदी आहे ते असो, पण हे बूट न् जॅकेट मुळात थंड मुलखातल्या शिकाऱ्यांसाठी बनलेत, जिथं पाच डिग्रीत तासन् तास ओल्या गवतात दबा धरून बसायचं असतं.

तिथं भीती गारठ्याची. पाणी हवेपेक्षा साधारण 25 पट जोरात उष्णता ओढून घेतं, म्हणून कॉटन एकदा भिजलं की अंगातली ऊब गेलीच समजा, आणि म्हणून तिकडचे लोक लोकर घालतात. लोकर स्वतःच्या वजनाच्या 30 टक्क्यांपर्यंत ओल पोटात घेते तरी हाताला ओली लागत नाही. आपल्या साक्रीकडच्या ठेलारी मेंढपाळांना हे सांगायची गरज नाही, भर पावसात घोंगडी डोक्यावरून घेऊन मेंढ्यांमागं आरामात फिरतात.

आपलं दुखणं वेगळंय. 28 डिग्री, दमट हवा, त्यात चढण, म्हणजे बाहेरून पाऊस नाही लागला तरी आतून घामानं चिंब होणारच. वॉटरप्रूफ बुटात जो पडदा असतो त्याची छिद्रं इतकी बारीक असतात की पाण्याचा थेंब आत येत नाही पण घामाची वाफ बाहेर जाते. जाते खरी, पण कधी? आत वाफेचा दाब जास्त न् बाहेर कमी असेल तेव्हाच. घामेजल्या कातडीजवळ हा दाब सुमारे 5 किलोपास्कल असतो, थंड मुलखातल्या पाच डिग्रीच्या हवेत जेमतेम 0.9, आणि आपल्या पावसाळी हवेत जवळपास 3.4! म्हणजे वाफेला बाहेर ढकलणारा जोर इथं निम्म्याहूनही कमी. वर नाला ओलांडताना घोट्यावरून पाणी आत गेलं की तेच वॉटरप्रूफ ते बाहेर जाऊ देत नाही, दिवसभर पचक पचक करत चाला.

व्हिएतनाममध्ये अमेरिकन सैनिकांचे पाय भातखाचरातल्या कोमट पाण्यात असेच सडायचे. त्यांच्या जंगल बुटाला वरून जाड कापड आणि तळव्याजवळ आतल्या बाजूला चक्क दोन भोकं होती, पाणी येऊ दे पण थांबू देऊ नको! मला विचाराल तर आपल्याला हेच लागू पडतं, जाळीदार हलके बूट न् लवकर वाळणारे मोजे. ट्रॅकपँटचं पॉलिस्टर जेमतेम अर्धा टक्का ओल धरतं, कॉटन आठेक टक्के, आणि जीन्स तर अजिबात नको, भिजली की जड होते न् जांघा सोलून काढते.

तळ बघताना मात्र आपली काळी माती डोळ्यासमोर ठेवा. तिच्यातली चिकणमाती थराथरात पाणी शोषून फुगते, दाट खाचांच्या तळाला लिंपत जाते आणि दहा पावलांत एकेक पाय किलोभराचा. खाचा खोल पण लांब-लांब असल्या की चिखल आपोआप गळतो.

एका ठिकाणी मी स्वतः गमबूटच घाला म्हणेन. रात्री वावरात पाणी भरायला किंवा डुकरं हाकलायला जाताना. घोणस, फुरसं बहुतेक वेळा पायालाच चावतं, तिथं घाम परवडला. रबर म्हणजे चिलखत नाही, तेव्हा हातात बॅटरी हवीच, आणि घरी आल्यावर बूट उलटे टांगा, आत विंचू बसलेला असू शकतो.

बाकी बूट कोणतेही घ्या, बोटांच्या बेचक्या ओल्या राहिल्या की तिथली कातडी पांढरी पडून भुसभुशीत होते आणि बुरशीला आयतं घर मिळतं, चिखल्या होतात. दुपारी जेवायला बसाल तेव्हा बूट-मोजे काढून पाय उघडे ठेवा, निघताना बेचक्या पुसून कोरडे मोजे चढवा. त्या जोडीची प्लॅस्टिकची पिशवी मात्र घट्ट बांधा.