पेशीपटल आणि पेशीअंगके

पेशीपटल : सजीव पेशीला बाहेरून वेढणारा आणि आतले पेशीद्रव्य परिसरापासून वेगळे राखणारा, मेद व प्रथिने यांचा पातळ थर. प्रद्रव्यपटल हे त्याचेच दुसरे नाव. जीवाणूपासून देवमाशापर्यंत एकही पेशी पटलाविना नसते. वनस्पती, कवके आणि बहुतेक जीवाणू यांच्या पेशींना पटलाबाहेर ताठ पेशीभित्तिकाही असते. पण ती आधार देते. आत काय येईल आणि बाहेर काय जाईल, हे पटल ठरवते.

प्राणी, वनस्पती व कवके यांच्या पेशींत अशाच पटलांनी वेढलेले अनेक कप्पे असतात. ठरावीक काम करणाऱ्या या कप्प्यांना पेशीअंगके म्हणतात. पाठ्यपुस्तकातील आकृतीत पेशीची बाहेरची रेघ ठळक काढलेली असते, त्यामुळे पटल म्हणजे केवळ कुंपण असा समज होतो. प्रत्यक्षात यकृताच्या पेशीतील सगळ्या पटलांचे क्षेत्रफळ मोजले, तर बाहेरच्या पटलाचा वाटा जेमतेम 2 टक्के निघतो. निम्मे पटल आंतर्द्रव्यजालिकेचे, म्हणजे पेशीभर पसरलेल्या पटलांच्या जाळ्याचे असते आणि जवळजवळ एक-तृतीयांश तंतुकणिका या ऊर्जा पुरवणाऱ्या अंगकांच्या आतील पटलाचे. पेशीचे बरेचसे जीवनव्यवहार पटलांवर किंवा पटलांनी राखलेल्या फरकांवर चालतात, म्हणून पटल आणि अंगके यांचा विचार एकत्र करणे योग्य ठरते.

रचना : पटलाची जाडी साधारण 7 ते 8 नॅनोमीटर असते. प्रकाश सूक्ष्मदर्शकाला सुमारे 200 नॅनोमीटरपेक्षा जवळचे दोन बिंदू वेगळे दाखवता येत नाहीत, त्यामुळे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पटल कोणीही प्रत्यक्ष पाहिलेले नव्हते. तरीही त्याच्या रचनेचा गाभा त्याआधीच उलगडला होता, तो केवळ तर्क आणि मापन यांच्या बळावर. मेदात विरघळणारे पदार्थ पेशीत सहज शिरतात, हे ओव्हर्टन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दाखवून दिले. 1925 मध्ये गॉर्टर व ग्रेंडेल या डच संशोधकांनी तांबड्या रक्तपेशींतील मेद काढून पाण्यावर एका रेणूच्या जाडीचा थर होईल असा पसरवला. त्याचे क्षेत्रफळ पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरले. म्हणजे पटलात मेदाचे दोन थर असले पाहिजेत. त्यांच्या हातून मेद पूर्ण निघाला नव्हता आणि पेशींचे क्षेत्रफळही कमी मोजले गेले होते. या दोन चुकांनी एकमेकींना छेद दिला आणि निष्कर्ष अचूक निघाला.

या थरांतील मुख्य रेणू म्हणजे फॉस्फोलिपिड. त्याचे फॉस्फेटयुक्त डोके जलस्नेही असते, तर मेदाम्लांच्या दोन शेपट्या पाणी टाळतात. पाण्यात असे रेणू आपोआप दोन थरांत लागतात : शेपट्या आतल्या बाजूला, डोकी दोन्हीकडच्या पाण्याकडे. त्यासाठी ऊर्जा खर्चावी लागत नाही. पटल टोचले गेले, तरी लहान भोक याच गुणामुळे बुजते.

प्रथिनांची जागा ठरायला मात्र वेळ लागला. 1935 मध्ये डॅनिएली व डॅव्हसन यांनी प्रथिने मेदाच्या दोन्ही बाजूंना लेपासारखी असतात असे सुचवले. ही कल्पना बराच काळ टिकली. तिला मोठा धक्का दिला तो 1970 मधील फ्राय व एडिडिन यांच्या प्रयोगाने, आणि या विषयात इतका देखणा प्रयोग दुसरा क्वचितच सापडेल. त्यांनी उंदराची पेशी व माणसाची पेशी एकमेकींत विलीन केली. उंदराच्या प्रथिनांना हिरवी आणि माणसाच्या प्रथिनांना लाल चकाकी दिलेली होती. सुरुवातीला संयुक्त पेशीचा अर्धा भाग हिरवा व अर्धा लाल दिसे. 37 अंश सेल्सिअस तापमानाला सुमारे 40 मिनिटांत दोन्ही रंग पृष्ठभागभर मिसळून गेले. तापमान पुरेसे उतरवले की मिसळणे जवळजवळ थांबे. प्रथिने जागेवर खिळलेली नसून मेदाच्या द्रवात तरंगत फिरतात, हे त्यातून दिसले. 1972 मध्ये सिंगर व निकोल्सन यांनी मांडलेले द्रायू कुट्टिम प्रारूप, म्हणजे प्रवाही मेदात प्रथिनांची नक्षी जडवलेली असल्याचे चित्र, याच पायावर उभे आहे. पुढे त्यात सुधारणा झाल्या : पेशीच्या आतील तंतूंचा सांगाडा अनेक प्रथिनांना धरून ठेवतो, त्यामुळे सगळीच प्रथिने मोकळी फिरत नाहीत.

प्राण्यांच्या पटलात कोलेस्टेरॉलही असते. उष्णतेत ते पटल फार सैल होऊ देत नाही आणि थंडीत शेपट्या घट्ट बसू देत नाही. थंड पाण्यातील मासे हाच प्रश्न आपल्या पटलांतील असंपृक्त मेदाम्ले वाढवून सोडवतात.

वहन : ऑक्सिजन व कार्बन डायऑक्साइड पटलातून थेट आरपार जातात. आयनांना मात्र मेदाचा गाभा जवळजवळ बंदच असतो. त्यांच्यासाठी प्रथिनांच्या मार्गिका किंवा पंप लागतात. पाणी मेदातूनही झिरपते, पण मूत्रपिंडासारख्या ठिकाणी तो वेग पुरत नाही. तेथे ॲक्वापोरिन नावाच्या मार्गिका काम करतात. त्यांच्या शोधाबद्दल पीटर ॲग्री 2003 च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचे मानकरी झाले.

पंपांमध्ये सर्वांत महत्त्वाचा सोडियम-पोटॅशियम पंप. येन्स स्काऊ यांना तो 1957 मध्ये खेकड्याच्या चेतातंतूंत सापडला. एटीपी या पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या संयुगाचा एक रेणू खर्चून तो 3 सोडियम आयन बाहेर टाकतो आणि 2 पोटॅशियम आयन आत घेतो. त्यामुळे पेशीत पोटॅशियम बाहेरच्या कितीतरी पट जास्त राहते आणि सोडियम कितीतरी पट कमी. चेतापेशीचा संदेश म्हणजे या साठवलेल्या फरकाचा क्षणिक वापर.

अंगके : ऊर्जेचा सर्वांत मोठा व्यवहार तंतुकणिकेत चालतो. तिला दोन पटले असतात. आतले घड्या पडलेले असल्याने थोड्या जागेत भरपूर पृष्ठभाग मिळतो. अन्नापासून मिळालेले इलेक्ट्रॉन या पटलातील प्रथिनांवरून पुढे सरकतात आणि त्या ओघात प्रोटॉन पटलापलीकडे ढकलले जातात. परत येताना ते एटीपी बनवणाऱ्या विकरातून (एन्झाइममधून) जातात व त्याचा एक भाग अक्षरशः फिरवतात. ही कल्पना पीटर मिचेल यांनी 1961 मध्ये मांडली, तेव्हा अनेक जीवरसायनशास्त्रज्ञांना ती पटली नाही. 1978 मध्ये तिला नोबेल मिळाले. पटलाच्या दोन बाजूंतील विभवांतर सुमारे 150 ते 180 मिलीव्होल्ट असते. हा आकडा किरकोळ वाटतो, पण अंतर अवघे काही नॅनोमीटर आहे. हिशेब केला तर विद्युत क्षेत्र मीटरला सुमारे 3 कोटी व्होल्ट येते. कोरड्या हवेतून ठिणगी उडायला याचा दहावा हिस्सा पुरतो.

तंतुकणिकेला स्वतःचे डीएनए असते. मानवात त्यात 37 जनुके आहेत. ती एकेकाळी स्वतंत्र जीवाणू होती, हे मत लिन मार्ग्युलिस यांनी 1967 मध्ये जोमाने मांडले व आता ते सर्वमान्य आहे. कार्डिओलिपिन हा जीवाणूंच्या पटलांत आढळणारा मेद तिच्या आतील पटलातही मुबलक असतो. हरितलवकांचा उगमही असाच, प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या जीवाणूंपासून झाला.

आंतर्द्रव्यजालिका, गॉल्जी संकुल व बाह्यपटल यांना एकच वाहतूक जोडते. स्रावासाठीचे प्रथिन खडबडीत जालिकेवरील रायबोसोमवर तयार होत असतानाच तिच्या पोकळीत शिरते, तिथे त्याची घडी बसते, मग पुटिकेतून, म्हणजे पटलाच्या चिमुकल्या पिशवीतून, ते गॉल्जी संकुलात जाते आणि तिथून दुसऱ्या पुटिकेतून पृष्ठभागाकडे. पुटिका बाह्यपटलात विलीन झाली की जालिकेच्या आत असलेली बाजू पेशीच्या बाहेर येते. पटलातील प्रथिनांना जोडलेल्या शर्करेच्या साखळ्या म्हणूनच नेहमी पेशीच्या बाहेरच्या अंगाला दिसतात. गुळगुळीत जालिका मेद तयार करते.

लयकारिका क्रिस्तियन द द्यूव यांनी 1955 मध्ये ओळखली. तिच्यातील पाचक विकरे 5 च्या आसपासच्या सामूला उत्तम चालतात, तर पेशीद्रव्याचा सामू 7.2 च्या जवळ असतो. त्यामुळे थोडी गळती झाली, तरी विकरे बाहेर निष्प्रभ होतात. वनस्पतींत मोठी रिक्तिका पाणी साठवून पेशीला ताठ ठेवते. केंद्रकाचे आवरणही दुहेरी असते व त्यातील छिद्रांतून आरएनए बाहेर पडतो. रायबोसोमला स्वतःचे पटल नसल्याने काही लेखक त्याला अंगकांत धरत नाहीत.

बिघाड : पटल किंवा अंगक यांतील एका प्रथिनाची उणीव गंभीर आजार घडवू शकते. टे-सॅक्स रोगात लयकारिकेतील एक विकर काम करत नाही आणि चेतापेशींत मेद साचत जातो. सिस्टिक फायब्रोसिसमध्ये क्लोराइड आयनांची मार्गिका सदोष असते. या रोगाच्या सर्वांत सामान्य उत्परिवर्तनात प्रथिनातील एकच अमिनो आम्ल गळलेले असते. त्यामुळे घडी नीट बसत नाही, जालिकेतील तपासणीत ते अडकते आणि नष्ट केले जाते, बाह्यपटलापर्यंत पोहोचतच नाही. घडी सावरून या प्रथिनाला पृष्ठभागापर्यंत जाऊ देणारी औषधे आता उपचारांत वापरली जातात.