शिडाच्या नौकेवरील बॅटरी आणि इन्व्हर्टर : बदलामागची पार्श्वभूमी

समुद्रपर्यटनाच्या शिडाच्या नौकांवरील वीजव्यवस्था बदलायची म्हटले की आज पहिली चर्चा लिथियम बॅटरीच्या किमतीची होते. मागील तीस-चाळीस वर्षांचा इतिहास पाहिला तर मात्र प्रत्येक टप्प्यावर घोडे पेंड खात आले आहे ते चार्जिंगपाशी.

लेड-ॲसिड बॅटरी १८५९ची. नौकांवर ती इंजिन सुरू करणे, दिशादर्शक दिवे आणि रेडिओ एवढ्यापुरती दीर्घकाळ पुरली. पुढे फ्रीज, ऑटोपायलट, रडार आणि जीपीएस आले, आणि १९९०च्या दशकात इन्व्हर्टर व चार्जर एकाच पेटीत सर्रास मिळू लागल्यावर घरातील उपकरणेही केबिनमध्ये शिरली. भारनियमनामुळे आपल्याकडे घरोघरी आलेल्या इन्व्हर्टरला वीज परत येण्याचा भरवसा असतो. नांगर टाकून उभ्या असलेल्या नौकेला तो नसतो. तिथे इंजिनावर फिरून वीज तयार करणारा अल्टरनेटर, सौर पॅनेल आणि असलीच तर पवनचक्की एवढ्यावरच भागवावे लागते.

लेड-ॲसिडचा हिशेब इथेच तोट्यात जातो. ४०० एएचची (अँपिअर-अवर, बॅटरीत मावणाऱ्या विजेचे माप) बॅटरी निम्म्याखाली उतरवली की तिचे आयुष्य झपाट्याने घटते, आणि ८० टक्क्यांच्या पुढे ती इतका कमी प्रवाह घेते की उरलेला भाग भरायला कित्येक तास इंजिन चालवावे लागते. त्यामुळे नांगरावर प्रत्यक्ष वापरायला मिळतात ते ५० ते ८० टक्क्यांमधले, म्हणजे सुमारे १२० एएच. शिवाय बॅटरी वारंवार अर्धवट भरलेली राहिल्याने प्लेटांवर सल्फेट साचते ते वेगळेच. जेल आणि एजीएम या बंदिस्त प्रकारच्या लेड-ॲसिड बॅटऱ्यांनी देखभाल कमी केली, पण हा हिशेब मुळातून बदलला नाही.

तो बदलला लिथियम आयर्न फॉस्फेटने. हे रसायन १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात पुढे आले आणि त्यानंतरच्या दशकाच्या अखेरीस चीनमध्ये तयार होणारे मोठे सेल सुटे मिळू लागल्यावर हौशी नौकाधारकांनी ते स्वतः जोडायला सुरुवात केली. २०१३ मध्ये एका नव्या प्रवासी विमानातील लिथियम बॅटऱ्यांना लागलेल्या आगीने या प्रयोगांविषयी धास्ती निर्माण केली. त्या बॅटऱ्या कोबाल्टयुक्त रसायनाच्या होत्या आणि फॉस्फेटचे सेल उष्णतेला त्यांच्याहून बरेच स्थिर असतात, हा फरक त्या वेळी पुरेसा सांगितला गेला नाही.

३.२ व्होल्टचे चार सेल जोडले की १२.८ व्होल्ट होतात, म्हणजे जुन्या व्यवस्थेशी सहज जुळणारा आकडा. यातूनच बीएमएस, म्हणजे सेलवर लक्ष ठेवणारी बॅटरी मॅनेजमेंट सिस्टम, आतच बसवलेल्या, जुन्या बॅटरीच्या मापाच्या पेट्या बाजारात आल्या आणि खरा वाद सुरू झाला : जुनी पेटी काढून त्याच केबलांना नवी जोडावी का? लेड-ॲसिड बॅटरी भरत जाते तसा प्रवाह आपोआप कमी होतो आणि अल्टरनेटरला उसंत मिळते. लिथियम बॅटरी जवळजवळ पूर्ण भरेपर्यंत मिळेल तेवढा प्रवाह ओढत राहते. नांगरावर इंजिन मंद फिरत असते, अल्टरनेटरचा पंखाही मंद, आणि अशा वेळी १०० अँपिअरचा साधा अल्टरनेटर सतत पूर्ण भाराखाली राहिला की त्याची वाइंडिंग जळू शकते. दुसरा धोका क्षणाचा आहे. बॅटरी भरली किंवा एखादा सेल मर्यादेबाहेर गेला की बीएमएस जोडणी तोडते; अल्टरनेटरमधील प्रवाहाला तत्क्षणी जायला जागा उरत नाही, व्होल्टेज कित्येक पटींनी उसळते आणि अल्टरनेटरमधील डायोडसह त्याच वाहिनीवरील रेडिओ व ऑटोपायलटही निकामी होऊ शकतात.

एक पक्ष म्हणतो की अल्टरनेटर जुन्या लेड-ॲसिड स्टार्टर बॅटरीलाच जोडलेला ठेवावा आणि तिथून एका बॅटरीवरून दुसरी भरणाऱ्या डीसी-डीसी चार्जरमार्फत लिथियमला मोजका प्रवाह द्यावा. दुसऱ्या पक्षाला ३० अँपिअरच्या चार्जरसाठी मोठा अल्टरनेटर अडकवून ठेवणे मान्य नाही. त्यांचा आग्रह तापमान-सेन्सर असलेल्या बाह्य रेग्युलेटरचा, जो बीएमएसची सूचना मिळताच जोडणी तुटण्याआधी फील्डचा प्रवाह, आणि त्यासोबत अल्टरनेटरची वीजनिर्मिती, थांबवतो. मध्यम आकाराच्या जुन्या नौकेला पहिला मार्ग अधिक योग्य वाटतो, कारण त्यात बिघाड झाला तरी इंजिन सुरू होण्याची सोय शाबूत राहते. यांपैकी काहीच न करता नुसती पेटी बदलण्याचे समर्थन मात्र कठीण आहे, आणि वर्षानुवर्षे विक्रीच्या वेळी ग्राहकाला तेच सुचवले गेले.

२०२२ मध्ये अमेरिकेत नौकांवरील लिथियम बॅटऱ्यांसाठी स्वतंत्र मानक आले. वीज तोडण्याआधी चालकाला इशारा मिळावा आणि अत्यावश्यक उपकरणांसाठी पर्यायी स्रोत असावा, या त्यातील अपेक्षा वरील वादाशी थेट निगडित आहेत. मानक ऐच्छिक असले तरी नौका तपासणारे सर्व्हेअर आणि विमा कंपन्या त्याची दखल घेतात.

आता चर्चा व्होल्टेजकडे वळली आहे. २,००० वॉटचा इन्व्हर्टर १२ व्होल्टवर पावणेदोनशे अँपिअरच्या आसपास प्रवाह ओढतो, त्यामुळे मनगटाएवढ्या जाड नसल्या तरी वळवायला अवघड अशा केबली लागतात आणि केबलच्या टोकाचा एखादा सैल लगही (जोडही) तापतो. ४८ व्होल्टवर प्रवाह चौथाई होतो आणि त्याच केबलमधील ऊर्जेचा व्यय सोळाव्या हिश्श्यावर येतो. मात्र दिवे, पंप आणि रेडिओ १२ व्होल्टचेच राहिल्याने अशा नौकांवर व्होल्टेज उतरवणारा कन्व्हर्टर आणि दोन स्वतंत्र वाहिन्या सांभाळाव्या लागतात.