संमतिपत्रक, प्री-मेड आणि ड्युटीवरची सिस्टर

ऑपरेशन समजावून सांगणं हे सर्जनचं काम. पण राउंड घाईत आटोपतो आणि संमतिपत्रकावर सही घ्यायचं काम येतं ड्युटीवरच्या सिस्टरकडे. पेशंट डॉक्टरांपुढे मान डोलावतो, शंका मात्र सलाईन बदलताना सिस्टरलाच विचारतो, "नक्की काय काढणार आहेत हो?" त्या क्षणी साक्षीदार म्हणून सही करायची की कागद बाजूला ठेवायचा, हा तिच्यापुढचा खरा पेच असतो.

वेळेचाही प्रश्न आहे. ऑपरेशनआधी देतात त्या मिडाझोलामसारख्या औषधाने, म्हणजे प्री-मेडने, गुंगी येते, शिवाय औषधानंतर ऐकलेलं मेंदूत नीट साठत नाही. पेशंट बोलतो, उत्तरं देतो आणि पुढे त्यातलं काहीच आठवत नाही. म्हणून सही प्री-मेडच्या आधीच व्हायला हवी.

इंदूरच्या मराठी घरांत आणखी एक अडचण येते. मुलगा म्हणतो, "आईला काही सांगू नका सिस्टर, घाबरेल. मी करतो सही." माया खरी असते, पण शुद्धीवर असलेल्या सज्ञान आईची संमती मुलगा देऊ शकत नाही. एका महिलेला फक्त तपासणीसाठी भूल दिली होती आणि बाहेर बसलेल्या आईला विचारून तिचं गर्भाशय काढलं गेलं. 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आईची ती संमती ग्राह्य धरली नाही. जीव धोक्यात असेल आणि पेशंट बेशुद्ध असेल, तर गोष्ट वेगळी.

औषधचाचण्यांतल्या संमतीचा प्रश्न इंदूरच्याच स्वास्थ्य अधिकार मंचाने सर्वोच्च न्यायालयात नेला. 2013 मध्ये चाचण्यांसाठी संमतीचं व्हिडिओ रेकॉर्डिंग सक्तीचं झालं; पुढे ते ठरावीक चाचण्यांपुरतं उरलं. वॉर्डातल्या रोजच्या ऑपरेशनला असा कॅमेरा नसतो. तिथे असते फक्त सिस्टर.

"समजलं ना?" असं विचारलं की सगळेच हो म्हणतात. खरगोनहून आलेला, निमाडी बोलणारा शेतकरी तर नक्कीच. त्यापेक्षा विचारावं, "घरच्यांना काय सांगाल, उद्या काय करणार आहेत म्हणून?" उत्तर आलं "पोटाचा फोटो काढणार" आणि कागदावर पित्ताशय काढण्याचं ऑपरेशन असेल, तर सही घ्यायची नाही. आपल्या अंदाजाने समजावतही बसायचं नाही. डॉक्टरांना बोलवायचं आणि नर्सिंग नोट्समध्ये वेळेसकट तसं लिहायचं. नवख्या स्टाफ नर्सला रात्री सर्जनना फोन लावणं फार जड जातं. तो फोन मेट्रनने, म्हणजे नर्सेसच्या प्रमुखाने, स्वतः लावावा, निदान तिच्या शेजारी उभं राहावं.