मुंग्या, पारवे आणि विश्वाची जुनी ऊब

साताऱ्यात आमच्या घरी ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही होता तेव्हा रविवारची सकाळ कौलांवरच जायची. काका वर चढून अँटेनाचा पाइप फिरवायचे आणि मी अंगणातून ओरडायचो, "नाही, अजून मुंग्याच!" केंद्र लागलं नाही की पडद्यावर जी खरखर वळवळायची, तिला आम्ही मुंग्या म्हणायचो. त्यातली ढोबळमानानं शंभरातली एखादी मुंगी विश्वाच्या बाल्यात निघालेली होती, हे मला फार उशिरा कळलं.

तिचं पाळण्यातलं नाव वैश्विक सूक्ष्मतरंग पार्श्वभूमी प्रारण. फोड केली की भीती जाते. प्रारण म्हणजे रेडिएशन. आपल्या वाईत ज्याचं काम चाललं, त्या मराठी विश्वकोशात हाच शब्द आहे आणि तो मला आवडतो. 'किरणोत्सर्ग' म्हटलं की लोकांना अणुबाँबच आठवतो. सूक्ष्मतरंग म्हणजे मायक्रोवेव्ह. आणि पार्श्वभूमी अशासाठी, की हे प्रारण कुठल्या एका ताऱ्याकडून येत नाही. आभाळात कुठंही बघा, नाटकातल्या मागच्या पडद्यासारखं ते आहेच.

सुरुवातीचं विश्व इतकं तापलेलं होतं की इलेक्ट्रॉन अणूत टिकत नसत. या मोकाट इलेक्ट्रॉनांवर आपटत प्रकाश तिथल्या तिथंच घुटमळायचा. पावसाळ्यात पसरणीच्या घाटात धुकं उतरलं की गाडीचा उजेड समोरच्या पांढऱ्यात जिरून जातो, तसा. विश्व प्रसरण पावत निवत गेलं. सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांनी तापमान ३,००० केल्व्हिनच्या आसपास आलं, इलेक्ट्रॉन केंद्रकांना चिकटले, अणू झाले आणि धुकं विरलं. तेव्हा सुटलेला प्रकाश अजून वाटेतच आहे. दरम्यान विश्व सुमारे १,१०० पट ताणलं गेलं आणि त्याबरोबर प्रकाशाची तरंगलांबीही. तेव्हाचा तांबूस उजेड आता मायक्रोवेव्ह झालाय. तापमान उरलंय २.७२५ केल्व्हिन, म्हणजे शून्याखाली २७० अंश सेल्सिअस.

हा हिशेब कागदावर आधीच झाला होता. भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज गॅमोव्ह यांचे सहकारी राल्फ आल्फर आणि रॉबर्ट हर्मन यांनी १९४८ मध्ये अशी ऊब साधारण ५ केल्व्हिन उरली असावी, असं छापून टाकलं. मोजायला कुणी गेलं नाही. त्याही आधी, १९४१ मध्ये, खगोलशास्त्रज्ञ अँड्र्यू मॅकेलर यांना ताऱ्यांच्या मधल्या पोकळीतल्या सायनोजेनच्या (कार्बन-नायट्रोजनच्या) रेणूंचं तापमान २.३ केल्व्हिन आढळलं होतं. उत्तर हातात होतं, प्रश्नच कुणी विचारला नव्हता.

१९६४ मध्ये अमेरिकेत न्यू जर्सीतल्या होमडेलला बेल प्रयोगशाळेच्या कर्ण्यासारख्या मोठ्या अँटेनावर आर्नो पेंझियस आणि रॉबर्ट विल्सन काम करत होते. ७.३५ सेंटिमीटर तरंगलांबीवर एक खरखर हटता हटेना. दिवस असो वा रात्र, उन्हाळा असो वा हिवाळा, अँटेना कुठंही वळवा, ती तेवढीच. कर्ण्यात पारव्यांची जोडी राहायची. तिनं आत पांढरा थर देऊन ठेवला होता. दोघांनी तो खरवडून काढला, पारवे पकडून लांब पाठवले. पारवे परत आले. खरखर तर गेलीच नव्हती.

आमच्या काकांचंही दुखणं हेच, फक्त तिथं कावळे होते.

होमडेलहून साठेक किलोमीटरवर प्रिन्स्टनमध्ये रॉबर्ट डिकी यांचा गट नेमकं हेच प्रारण शोधायला उपकरण जुळवत होता. फोन झाला आणि कोडं सुटलं. १९६५ मध्ये दोन्ही गटांचे लेख एकाच नियतकालिकात लागोपाठ आले. या शोधाचं १९७८ चं नोबेल मात्र पेंझियस आणि विल्सन यांनाच मिळालं. आल्फर आणि हर्मन यांची उपेक्षा मला आजही खटकते.

सगळ्यांनी मान डोलावली असंही नाही. विश्व अशा तापलेल्या सुरुवातीपासून प्रसरण पावत आलं, या कल्पनेला 'बिग बँग' हे नाव १९४९ मध्ये रेडिओवर ज्यांच्या तोंडून आलं, ते ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल त्या कल्पनेचे विरोधकच. त्यांचे शिष्य जयंत नारळीकर आपल्या शेजारचे, जन्म कोल्हापूरचा. ही ऊब ताऱ्यांच्याच प्रकाशाची, अवकाशातल्या लोखंडाच्या सुईसारख्या कणांनी शोषून पुन्हा सोडलेली असू शकेल, अशी मांडणी त्यांनी केली. १९८९ मध्ये सोडलेल्या कोबे उपग्रहानं या प्रारणाचा वर्णपट (कुठल्या तरंगलांबीला किती प्रारण) टिपला, तो तापलेल्या सुरुवातीच्या हिशेबाशी इतका काटेकोर जुळला की बहुतेकांना ती मांडणी पटली नाही. २०२५ मध्ये नारळीकर गेले तेव्हाच्या श्रद्धांजल्यांत हा वाद मला फारसा दिसला नाही. मला तर त्यांच्यातला हा हट्टच जवळचा वाटतो.

कोबेलाच या उबेत लाखात एक भागाइतके बारीक चढउतार दिसले. दीर्घिका (गॅलेक्सी) पुढे त्याच गाठींभोवती जमल्या. नंतरच्या डब्ल्यूमॅप आणि प्लँक या यानांनी ते आणखी बारकाईनं मोजले आणि विश्वाचं वय १,३८० कोटी वर्षांच्या आसपास ठरलं.

सेट-टॉप बॉक्सच्या निळ्या पडद्यावर आता मुंग्या येत नाहीत. मागच्या दिवाळीत माळ्यावरचा जुना टीव्ही काढून लावला. तो चक्क सुरू झाला, मुंग्यांसकट. मी काकांना म्हटलं, यातल्या काही विश्व जन्मलं त्या सुमाराच्या आहेत. त्यांनी चष्मा वर केला, पडदा नीट पाहिला आणि म्हणाले, "अरे, पाइप जरा डावीकडं फिरवून बघ."